तीन–एक : स्टँडर्ड लिएजचा १९८१-८२चा हंगाम

८ मे १९८२. बेल्जियममधील लिएज शहर, स्क्लेसँचे मैदान, लीगचा अखेरचा दिवस. स्टँडर्ड लिएज ३, वाटरस्खाय १. या निकालासरशी स्टँडर्डने तब्बल अकरा वर्षांनी बेल्जियमचे विजेतेपद मिळवले. आजही आकडेवारीचे कोणतेही पुस्तक उघडा, हा निकाल त्यात जसाच्या तसा आहे. त्याखाली तळटीप नाही, त्याच्यावर काट मारलेली नाही.

आणि तरीही हा सामना विकत घेतलेला होता.

आजचा थ्रेड या एका निकालाविषयी आहे. फुटबॉलची आवड नसलेल्यांनीही थांबायला हरकत नाही. यात गोल कमी आणि कागद जास्त आहेत.

प्रथम शहर. लिएज हे म्यूज नदीच्या काठचे, फ्रेंच बोलणाऱ्या वालोनियातले शहर. येथून जवळच सेरँ या गावी जॉन कॉकरिल याने १८१७ साली लोखंडाचा कारखाना काढला आणि युरोपच्या मुख्य भूमीवरील औद्योगिक क्रांतीच्या पहिल्या ठिकाणांत या खोऱ्याची गणना होऊ लागली. स्क्लेसँचे मैदान याच कोळसा-पोलादाच्या जगात उभे आहे. खाणीतून उपसलेल्या दगडमातीची टेकडी तेथून दिसते. क्लबची स्थापना १८९८ची, तीही एका शाळेतल्या विद्यार्थ्यांनी केलेली; परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा लाल सदऱ्यांचा संघ कामगारवस्तीचा होऊन गेला. १९६९, १९७० आणि १९७१ अशी सलग तीन विजेतेपदे त्याने मिळवली. त्यानंतर दुष्काळ. आणि योगायोग असा, की त्याच काळात पोलादाचेही दिवस फिरले. १९८१ साली कॉकरिल कंपनीचे शार्लरुआच्या पोलाद कारखान्यांशी विलीनीकरण झाले, ते भरभराटीमुळे नव्हे. ज्या शहरात दर महिन्याला नोकऱ्या जाण्याची चर्चा होती, त्या शहराला त्या वर्षी एक चांगला संघ मिळाला.

संघ खरोखरच चांगला होता. गोलरक्षक मिशेल प्रुदॉम तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा होता. कर्णधार एरिक गेरेट्स उजव्या बगलेचा बचावपटू. दाढीवाला, अंगाने दणकट आणि अखंड धावणारा. बचावाच्या मध्यभागी वॉल्टर मेउस. मधल्या फळीत नेदरलँड्सचा आरी हान, जो १९७४ आणि १९७८ असे दोन विश्वचषक अंतिम सामने खेळून आला होता. डाव्या बगलेला सिमॉन तहामाता. या शेवटच्या नावापाशी इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबायला हवे. तहामाताचा जन्म नेदरलँड्समधील व्ह्यूख्ट येथला, मोलुक्कन कुटुंबातला. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर डच वसाहती सैन्यातील मोलुक्कन सैनिकांना सहकुटुंब १९५१मध्ये ‘तात्पुरते’ म्हणून नेदरलँड्सला आणून छावण्यांत ठेवले गेले. ते तात्पुरते कधी संपलेच नाही. साम्राज्य संपल्यानंतरची माणसे पुढे कुठे कुठे सापडतात पाहा : एक स्क्लेसँच्या डाव्या बगलेवर सापडतो.

या सर्वांचा गुरू होता रेमों गूटाल्स. ब्रुसेल्सचा, जन्म १९२१चा. तोंडात सिगारेट, बोलण्यात ब्रुसेल्सच्या गल्लीतली फ्रेंच. त्याच्या मार्गदर्शनाखाली बेल्जियमच्या राष्ट्रीय संघाने १९७२च्या युरोपीय स्पर्धेत तिसरे स्थान मिळवले होते आणि आंडरलेख्ट या क्लबने १९७८ साली युरोपीय चषकविजेत्यांचा चषक जिंकला होता. ऑफसाइडचा सापळा लावण्यात तो निष्णात मानला जाई. सर्व बचावपटूंनी एका क्षणी, एका पावलात पुढे सरकायचे आणि प्रतिस्पर्ध्याला नियमाच्या चुकीच्या बाजूला सोडून द्यायचे, अशी ही युक्ती. १९८१मध्ये एर्न्स्ट हापेल हँबुर्गला गेला आणि त्याच्या जागी गूटाल्स आला.

आता हंगामाची रचना समजून घेऊ, कारण पुढचे सारे त्या रचनेतून घडले आहे. तेव्हाच्या बेल्जियन लीगमध्ये १८ संघ होते आणि प्रत्येकाला ३४ सामने खेळावे लागत. विजयाला आजच्यासारखे तीन नव्हे, दोन गुण मिळत, बरोबरीला एक. त्याशिवाय बाद पद्धतीने खेळला जाणारा राष्ट्रीय चषक. हा चषक जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी ‘युरोपीय चषकविजेत्यांचा चषक’ या स्पर्धेत प्रवेश मिळे. (ही स्पर्धा १९९९मध्ये बंद झाली, म्हणून आजच्या पिढीला तिचे नाव अपरिचित आहे. त्या काळी तिचा मान मोठा होता.) १९८१ सालच्या राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात स्टँडर्डने लोकेरेनला ४–० असे हरवले होते. म्हणजे १९८१-८२मध्ये या संघाला दोन आघाड्यांवर लढायचे होते : घरी आंडरलेख्टविरुद्ध लीग आणि बाहेर युरोप.

युरोपातली वाटचाल मी थोडक्यात सांगते. माल्टाचा फ्लोरियाना हा पहिला प्रतिस्पर्धी. त्याच्यावर घरच्या मैदानात नऊ गोल झाले. मग हंगेरीचा वाशाश. उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालचा पोर्तो. उपांत्य फेरीत आदल्या वर्षीचा विजेता दिनामो त्बिलिसी. सोव्हिएत जॉर्जियाचा हा संघ तेव्हा युरोपातील सर्वांत देखण्या संघांपैकी एक गणला जाई. स्टँडर्डने त्याला घरी १–० आणि बाहेर १–० असे दोन्हीकडे हरवले. गूटाल्सची सारी विद्या त्या दोन शून्यांत आहे.

अंतिम सामना १२ मे रोजी होणार होता, बार्सिलोनाच्या काम्प नोउ मैदानावर. मैदान आधीच ठरलेले होते; दुर्दैव असे, की समोर अंतिम फेरीत पोहोचलेला संघही बार्सिलोनाच होता.

आणि लीगचा शेवटचा सामना होता ८ मे रोजी. मध्ये चार दिवस.

पाहुणा संघ वाटरस्खाय हा लिएजच्या उत्तरेला, लिम्बुर्ग प्रांतातल्या गेंक शहरातला. इथली भाषा डच. परंतु जगणे लिएजसारखेच, फक्त पोलादाऐवजी कोळसा. वाटरस्खाय हे मुळात एका खाणीभोवती वसलेले गाव. त्या खाणीत फ्लेमिशांबरोबर इटालियन, पोलिश, ग्रीक आणि तुर्क कामगार राबत असत. क्लबच्या नावात ‘थोर’ असा शब्द होता. तो नॉर्स देव असावा असे वाटते, पण ती खरे तर ‘आमच्या हक्कांच्या पुनर्स्थापनेसाठी’ अशा अर्थाच्या डच घोषणेची आद्याक्षरे होती. फ्लेमिश भाषिक चळवळीचा इतिहास एका फुटबॉल क्लबच्या नावात असा दडून बसलेला आहे. हा संघ लहान असला तरी दुबळा नव्हता. १९८०चा राष्ट्रीय चषक त्याने जिंकला होता आणि १९८२चाही त्यानेच जिंकला, अंतिम सामन्यात वारेहेमला २–० असे हरवून.

८ मेच्या त्या सामन्याआधी काय घडले, ते दोन वर्षांनी चौकशीत समोर आले. हकिगत साधी आहे. गूटाल्सला दोन गोष्टी हव्या होत्या : लीगचे विजेतेपद पक्के व्हावे आणि बार्सिलोनाला जाण्यापूर्वी त्याचा एकही खेळाडू जायबंदी होऊ नये. यासाठी कर्णधार गेरेट्सने वाटरस्खायचा खेळाडू रोलँड यान्सेन याच्याशी संधान बांधले. स्टँडर्डच्या खेळाडूंना विजयाबद्दल मिळणारे बक्षिसाचे पैसे वाटरस्खायच्या खेळाडूंना द्यायचे ठरले. मोबदल्यात त्यांनी सामना फार अंगावर घेऊन खेळू नये, एवढीच अपेक्षा.

या व्यवहाराचे स्वरूप नीट पाहायला हवे. येथे जुगारी नाही, सट्टेबाज नाही, रात्रीच्या अंधारात भेटणारा परका दलाल नाही. खेळाडूंनी खेळाडूंना आपल्याच बक्षिसाचे पैसे दिले. त्यांपैकी कित्येकांना त्या क्षणी आपण गुन्हा करीत आहोत असे वाटलेही नसावे, असे माझे मत आहे. शेजारच्या शेतकऱ्याला ‘आज तुझी गुरे इकडे सोडू नकोस’ म्हणून चार पैसे द्यावेत, तशी ती भावना असावी. परंतु त्या दिवशी लीगचे विजेतेपद पणाला लागलेले होते आणि तिकीट काढून आलेल्या हजारो माणसांना आपण सामना पाहत आहोत असे वाटत होते.

३–१. अंतिम टिपॅत स्टँडर्ड पहिला. आंडरलेख्ट दोन गुणांनी मागे. स्क्लेसँला जल्लोष झाला.

चार दिवसांनी काम्प नोउ. आठव्या मिनिटाला गी वान्डरस्मिसेनने गोल केला आणि खच्चून भरलेले ते मैदान गप्प झाले. मध्यंतराच्या उंबरठ्यावर डेन्मार्कच्या अ‍ॅलन सिमोन्सेनने बरोबरी साधली. उत्तरार्धात बार्सिलोनाने एक फ्री किक झटकन घेतली, स्टँडर्डचे खेळाडू अजून सावरत होते आणि कीनीने चेंडू जाळ्यात धाडला. (हा तोच कीनी, ज्याचे आदल्या वर्षी अपहरण होऊन जवळपास महिनाभराने सुटका झाली होती.) स्टँडर्डने पंचांकडे दाद मागितली, ती लागली नाही. शेवटी मेउसला मैदानाबाहेर काढण्यात आले. बार्सिलोना २, स्टँडर्ड १.

ज्या सामन्यासाठी पाय जपले, तो सामना हातचा गेला.

साधारण एका महिन्याने, १३ जूनला, याच मैदानावर विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना झाला. बेल्जियमने तेव्हाच्या जगज्जेत्या अर्जेंटिनाला १–० असे नमवले. कोवळा मॅराडोना त्या दिवशी बेल्जियन बचावाच्या गराड्यात अडकून पडला. त्या बेल्जियन संघात गेरेट्सही होता आणि वान्डरस्मिसेनही. वर्षअखेरीस बेल्जियममधील सर्वोत्तम खेळाडूचा ‘सोनेरी बूट’ गेरेट्सला मिळाला. पुढच्या हंगामात स्टँडर्डने पुन्हा लीग जिंकली. १९८३मध्ये गेरेट्सला एसी मिलानने बोलावून घेतले. सर्व काही उत्तम चालले होते.

इथे कथेत एक न्यायाधीश येतो : गी बेलेमन्स. बेल्जियममध्ये चौकशी करणारा न्यायाधीश स्वतः तपास चालवतो. बेलेमन्स कोणत्याही सामन्याचा तपास करीत नव्हता. त्याचा विषय होता काळा पैसा. त्या काळी बेल्जियन क्लब खेळाडूंना वेतनाचा काही भाग वहीबाहेर देत, म्हणजे कर बुडे. क्लबांची दप्तरे जप्त झाली आणि हिशेब तपासले जाऊ लागले. स्टँडर्डच्या हिशेबांची चौकशी चालली असता ८ मे १९८२च्या बक्षिसाच्या पैशांचा धागा सापडला : पैसे निघाले होते, पण ज्यांच्या नावावर निघाले त्यांच्याकडे राहिले नव्हते. १९८४च्या आरंभी कबुलीजबाब झाले.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. त्या सामन्याला हजारो प्रत्यक्षदर्शी होते. वार्ताहर होते, छायाचित्रकार होते. त्यांपैकी कोणाच्याही साक्षीने हे उघडकीस आले नाही. ते उघडकीस आणले एका रुक्ष हिशेबाने, ज्याचा फुटबॉलशी काही संबंध नव्हता. आपल्याकडे पेशवे दप्तराच्या रुमालांत डोके घालून बसलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. बखर लढाईचे वर्णन करते. शिपायांना पैसे पोचले की नाही, हे मात्र जमाखर्चच सांगतो.

शिक्षा झाल्या. गूटाल्सला स्टँडर्ड सोडावे लागले आणि तो पोर्तुगालला गेला. मिलानने गेरेट्सला नारळ दिला. दोन्ही संघांतील अनेक खेळाडूंवर बंदी आली. पुढे काहींच्या शिक्षांची मुदत घटवण्यात आली. स्टँडर्डचा चाणाक्ष आणि धाकदपटशाने कारभार हाकणारा सरचिटणीस रोजे पती, ज्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हा क्लब नावारूपाला आणला होता, त्याची कारकीर्द या प्रकरणात संपली. १९८४च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा होती. बेल्जियमचा नेहमीचा बचाव निम्मा बंदीत असल्याने नवखी पोरे घेऊन प्रशिक्षक गी तीसला जावे लागले. नाँतमध्ये फ्रान्सने बेल्जियमवर पाच गोल चढवले आणि एकही स्वीकारला नाही.

आता उपविजेत्यांविषयी. जो संघ या प्रकरणात नाडला गेला असे म्हणता येईल, तो आंडरलेख्ट. वाचकाला त्याची कणव येणे साहजिक आहे. पण त्याच १९८४ सालच्या एप्रिलमध्ये, म्हणजे स्टँडर्डची लक्तरे वेशीवर टांगली जात असतानाच, आंडरलेख्टने युएफा चषकाच्या उपांत्य फेरीत इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३–० असे हरवले. त्या सामन्याच्या स्पॅनिश पंचाला आंडरलेख्टच्या अध्यक्षांनी दहा लाख बेल्जियन फ्रँक दिले होते, हे १९९७मध्ये जगाला कळले. तोवर तो पंच मोटार अपघातात मरण पावला होता. तेव्हा या कथेत निरपराध कोणाला शोधायचे असेल तर जरा खालच्या पायरीवर पाहावे लागेल. तेथे आपण शेवटी जाऊच.

त्याआधी गूटाल्स. १९९३ साली तो फ्रान्सच्या मार्सेय संघाचा प्रशिक्षक होता, वय ७१. लीगमधील एक सामना २० मे रोजी व्हालाँसिएन या लहान संघाशी होता आणि सहा दिवसांनी म्यूनिकमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर एसी मिलान. मार्सेयच्या वतीने व्हालाँसिएनच्या खेळाडूंना पैसे देऊ करण्यात आले : सामना सोडा आणि आमच्या खेळाडूंना जपून खेळा. झाक ग्लासमान या बचावपटूने पैसे नाकारले आणि ही गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घातली. पुढे नोटांचे पाकीट दुसऱ्या एका खेळाडूच्या नातेवाइकांच्या बागेत पुरलेले सापडले.

मोठा अंतिम सामना, त्याच्या तोंडावर आलेला लीगचा सामना, लहान प्रतिस्पर्धी, जायबंदी होण्याची भीती, आणि पाकीट. अकरा वर्षांनी तोच आराखडा, आणि बाकावर तोच माणूस. एवढे दिसल्यावर निष्कर्षाकडे धाव घेण्याचा मोह होतो. पण इथे थांबावे. फ्रेंच न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले त्यांत मार्सेयचा अध्यक्ष बेर्नार तापी होता, सरव्यवस्थापक झाँ-पिएर बेर्नेस होता, काही खेळाडू होते, गूटाल्स नव्हता. साम्य हा पुरावा नव्हे. इतिहासाच्या पहिल्या वर्गात हे शिकवतात आणि थ्रेड लिहिताना आपण पहिल्यांदा तेच विसरतो. साम्यातून फार तर प्रश्न उभा राहतो : वेळापत्रकाने असा चिमटा काढला, की फुटबॉलमधली माणसे कोणत्या वाटेने जातात?

दोन्ही प्रकरणांच्या शेवटात मात्र फरक आहे. फ्रान्सने मार्सेयचे १९९३चे राष्ट्रीय विजेतेपद काढून घेतले. बेल्जियमने स्टँडर्डचे १९८२चे विजेतेपद तसेच ठेवले. म्हणून आकडेवारीच्या पुस्तकांत एका देशाच्या यादीत एक जागा मोकळी आहे आणि दुसऱ्याच्या यादीत नाही. पुढे शे-दोनशे वर्षांनी कोणी केवळ या दोन याद्या हाती घेऊन तुलना केली, तर फ्रेंच फुटबॉल भ्रष्ट होते आणि बेल्जियन फुटबॉल स्वच्छ, असे त्याला वाटेल. यादीतून एखादे नाव खोडले जाते, तेव्हा घटनेइतकेच खोडणाऱ्याविषयीही आपल्याला कळत असते.

आणि आता १९८८. त्या वर्षीच्या मे महिन्यात, ११ तारखेला, मेखेलेन या बेल्जियन क्लबने अयाक्सला हरवून युरोपीय चषकविजेत्यांचा चषक जिंकला. गोलरक्षक होता मिशेल प्रुदॉम, जो स्टँडर्डकडून हाच चषक हरला होता. दोन आठवड्यांनी, २५ मे रोजी, नेदरलँड्सच्या पीएसव्हीने बेन्फिकाला पेनल्टींवर नमवून युरोपीय चषक पटकावला. तो उंचावणारा कर्णधार होता एरिक गेरेट्स. दोघांनी बंदी भोगली, नव्याने सुरुवात केली आणि पूर्वीपेक्षा उंच गेले. त्यांनी ते कष्टाने मिळवले, यात शंका नाही. ज्यांच्याकडे असामान्य गुण होते त्यांना दुसरी संधी मिळाली.

वाटरस्खायची कथा वेगळी. १९८२चा चषक जिंकल्यामुळे हा संघ पुढच्या वर्षी युरोपात गेला. पॅरिस सें-जर्मेंने त्याला पॅरिसमध्ये २–० असे हरवले. परतीच्या सामन्यात खाणकामगारांच्या या संघाने जादा वेळेत ३–० असा विजय मिळवून पॅरिसला घरी पाठवले. उपांत्य फेरीत अ‍ॅलेक्स फर्ग्युसनच्या अ‍ॅबर्डीनने त्यांचा ५–१ असा धुव्वा उडवला, पण परतीचा सामना वाटरस्खायने १–० असा जिंकला. त्या हंगामात अ‍ॅबर्डीनने अंतिम सामन्यात थेट रेआल माद्रिदला हरवले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका गोलाचे मोल कळते. हे सामने त्यांनी कोणाकडूनही पैसे न घेता खेळले. आज वाटरस्खायचे नाव शोधले तर आधी ८ मे १९८२ समोर येतो, ही संध्याकाळ नंतर.

१९८७मध्ये वाटरस्खायची खाण बंद झाली. १९८८मध्ये, गेरेट्सने तो चषक उंचावला त्याच वर्षी, हा क्लब शेजारच्या विंटरस्लाग क्लबात विलीन झाला आणि त्यांतून आजचा रेसिंग गेंक उभा राहिला. ‘थोर’ हे नाव क्लबातून गेले. खाणीच्या जागेवर आता तंत्रज्ञान उद्यान आहे. त्याचे नाव मात्र ‘थोर पार्क’ असे आहे.